मुंबई शहर उत्तर, १९५२ : दुसऱ्या मताचे गणित

पहिल्या लोकसभा निवडणुकीत ‘मुंबई शहर उत्तर’ मतदारसंघातून दोन खासदार निवडायचे होते. काँग्रेसचे विठ्ठल गांधी १,४९,१३८ मते मिळवून पहिले आले. समाजवादी पक्षाचे अशोक मेहता १,३९,७४१ मतांसह दुसरे, काँग्रेसचेच नारायण काजरोळकर १,३८,१३७ मतांसह तिसरे आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १,२३,५७६ मतांसह चौथे. लोकसभेत गेले ते पहिले आणि तिसरे.

मोजणीत चूक नव्हती, नियमच तसा होता. त्या वेळी देशातल्या ४०१ मतदारसंघांपैकी ८६ द्विसदस्य होते. तिथे प्रत्येकाला दोन मते असत, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. जिथे एक जागा राखीव असे, तिथे आधी अनुसूचित जातीच्या (काही ठिकाणी जमातीच्या) उमेदवारांतला सर्वाधिक मतांचा उमेदवार त्या जागेवर विजयी ठरे, मग उरलेल्यांतला पहिला सर्वसाधारण जागेवर. मुंबई शहर उत्तरमध्ये एक जागा अनुसूचित जातीसाठी राखीव होती, म्हणून मेहतांची खरी लढत गांधींशी होती आणि आंबेडकरांची काजरोळकरांशी.

मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी असे, तीत मतपत्रिका टाकायची. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या की दुसरे मत बाद. कम्युनिस्टांचे श्रीपाद अमृत डांगे याच मतदारसंघात उभे होते. त्यांना ९६,७५५ मते पडली. दुसरे मत प्रतिस्पर्ध्याला देण्यापेक्षा ते कुजवा, असा प्रचार त्यांच्या बाजूने झाल्याचा आरोप आंबेडकर आणि मेहता यांनी संयुक्त याचिकेत केला. बाद मतांचा त्यांचा आकडा होता ७४,३३३. याचिका फेटाळली गेली.

या पराभवाची चर्चा बहुधा कुजवलेल्या मतांपाशीच थांबते. मला मात्र त्याहून बोलके वाटतात ते निकालातले वैध आकडे. फेडरेशन आणि समाजवादी यांची युती होती. एक मत मेहतांना, दुसरे आंबेडकरांना, अशी अपेक्षा होती. मेहतांना आंबेडकरांपेक्षा १६,१६५ मते जास्त आहेत. आंबेडकरांच्या एकूण एक मतदाराने मेहतांनाही मत दिले असे धरले, तरी मेहतांच्या किमान १६,१६५ मतदारांनी आंबेडकरांना मत दिले नाही, हे निव्वळ वजाबाकीने सिद्ध होते. आंबेडकर हरले १४,५६१ मतांनी. त्या १६,१६५ मतदारांनी युती पाळली असती तर संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष पहिल्या लोकसभेत बसले असते. त्या मतदारांच्या मनात काय होते हे आकडे सांगत नाहीत, पण उमेदवाराची जात त्यात नव्हती असे मानणे मला जड जाते. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत हीच जोडी उभी राहिली : मेहता निवडून आले, आंबेडकर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले.

१९५७ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ‘मुंबई शहर मध्य’ या द्विसदस्य मतदारसंघातून डांगे आणि फेडरेशनचे गोपाळ माने दोघेही निवडून आले. त्याच वर्षी आंध्रातल्या पार्वतीपुरममध्ये नियमाची दुसरी बाजू दिसली. तिथे दोन्ही जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवारांनी जिंकल्या आणि पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी पडले. १९६१च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले. १९६२पासून राखीव जागा स्वतंत्र मतदारसंघांत आल्या आणि मतदाराच्या हाती एकच मत उरले.