‘डिस्प्यूट’ला मराठीत काय लिहायचं?
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

फोर्टमधल्या आमच्या भाषांतर कार्यालयात रोज येणारे कागद ठरलेले आहेत: सोसायटीच्या नोटिसा, वकिलांची पत्रं, धंद्यातले करारनामे. या सगळ्यांत ‘डिस्प्यूट’ हमखास असतो. बरेच ग्राहक सांगतात, “वाद लिहा, विषय संपला.” बोलताना चालतं ते. पण मराठी न्यायव्यवहारात दिवाणी दावा म्हणजेच वाद. वादपत्र, वादी, प्रतिवादी सगळे तिथूनच आले. कोर्टात काहीही दाखल नसताना पत्रात “आमचा वाद प्रलंबित आहे” असं गेलं, तर समोरचा वकील आधी दाव्याचा नंबर विचारणार.

म्हणून कायदेशीर कागदांत आम्ही सहसा ‘विवाद’ लिहितो. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याचं नाव सगळ्यांच्या ओळखीचं आहेच. तरी ‘विवाद’ लिहून सगळीकडे भागत नाही.

बँकेचं घ्या. कार्डावर तुम्ही न केलेला खर्च दिसला, तर ॲपमध्ये ‘डिस्प्यूट’ नोंदवायला सांगतात. तिथे साधी ‘हरकत’ किंवा ‘तक्रार’ पुरते. अर्ज मात्र लगेच करा, भाषांतर मागाहून होईल. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७च्या परिपत्रकात, चूक ना बँकेची ना ग्राहकाची अशा फसवणुकीत, बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर काहीच भार नाही असं ठरवलं होतं. उशीर झाला की जबाबदारी वाढते.

गावाकडच्या जमिनीचे कागदही आमच्याकडे बरेच येतात, विशेषतः रत्नागिरी-सिंधुदुर्गातले. फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीतल्या बदलाची, नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत हरकत घेतली की प्रकरण गाव नमुना ६-अ मध्ये, म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढतं. तलाठी कार्यालयात याला ‘तक्रारी नोंद’ म्हणतात. परदेशातल्या भावासाठी इंग्रजी करताना ‘तक्रारी’ला ‘कंप्लेंट’ लिहून चालत नाही, तिथे ‘डिस्प्यूटेड’च हवं. नाहीतर भावाला वाटतं, कोणीतरी पोलिसांत गेलं.

सोसायटीच्या पत्रांवर आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो. नेहमीचा प्रसंग असा: बिलात पार्किंगची वाढीव रक्कम आली, सभासदाने ती ‘अंडर प्रोटेस्ट’ भरली आणि इंग्रजी पत्रात लिहिलं की ही रक्कम ‘डिस्प्यूटेड’ आहे. मराठी मसुद्यात कोणी त्याचं “रकमेवरून भांडण आहे” करून आणतं. भांडण जिन्यात होतं. पत्रात एवढंच हवं: “सदर रक्कम मला मान्य नाही, हरकत राखून भरत आहे.” यात आवाज चढत नाही आणि हक्कही सुटत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधल्या कलम ९१ प्रमाणे निवडणूक, सर्वसाधारण सभा, संस्थेचा कारभार अशा बाबींवरचे विवाद सहकार न्यायालयात जातात. थकबाकीच्या वसुलीचा अर्ज मात्र सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे होतो. त्यामुळे तुमचं पत्र ‘पैसे बाकी आहेत’ म्हणतंय की ‘आकारणीच मान्य नाही’ म्हणतंय, हे शब्दांतून कळायला हवं.

छोट्या व्यापाऱ्यांसाठी थोडं सविस्तर. थकलेल्या बिलासाठी पुरवठादाराने एखाद्या कंपनीला २०१६च्या दिवाळखोरी संहितेखाली मागणी नोटीस दिली, तर ‘डिस्प्यूट’ असल्याचं कंपनीने दहा दिवसांत कळवायचं असतं. कोर्टात दावा किंवा लवाद चालू असला तरच तो ‘डिस्प्यूट’ का? मोबिलॉक्स विरुद्ध किरुसा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं की तशी गरज नाही. विवाद खरा हवा, नुसता उभा केलेला नको. त्या निकालात ‘डिस्प्यूट’, ‘कंटेन्शन’ आणि ‘आर्ग्युमेंट’ हे तिन्ही शब्द शेजारी-शेजारी येतात आणि तिन्हींना ‘वाद’ लिहिलं तर वाक्याचा पार चिवडा होतो. आम्ही असं करतो: ‘डिस्प्यूट’ म्हणजे विवाद, ‘कंटेन्शन’ म्हणजे एका बाजूचं म्हणणं आणि ‘आर्ग्युमेंट’ म्हणजे त्या म्हणण्यासाठी केलेला युक्तिवाद. माल खराब निघाला हे म्हणणं. तपासणी अहवाल, तेव्हाचे ईमेल दाखवून ते मांडणं हा युक्तिवाद. नोटिशीच्या आधीचे ईमेल असतील तर तेही भाषांतराला द्या, कारण विवाद नोटिशीपूर्वीचा आहे हे त्यातूनच दिसतं.

करारनाम्याच्या शेवटच्या पानांवर ‘डिस्प्यूट रेझोल्यूशन’ असतं. इथे हिंदी प्रत हाताशी असेल तर जपून. १९९६च्या आर्बिट्रेशन कायद्याला हिंदीत ‘माध्यस्थम्’ म्हणतात, मराठीत मात्र तो लवाद. आणि आपली ‘मध्यस्थी’ म्हणजे मीडिएशन, ज्यासाठी २०२३चा वेगळा कायदा आहे. लवादाचा निवाडा पक्षकारांवर बंधनकारक असतो. मध्यस्थ निवाडा देत नाही, तो दोघांना तडजोडीपर्यंत आणतो, आणि दोघांच्या सह्या झाल्याशिवाय तडजोड होत नाही. या दोन शब्दांची अदलाबदल झालेले मसुदे आमच्याकडे दुरुस्तीला येतात.

‘मूट’बद्दल विधी महाविद्यालयांतले विद्यार्थी विचारतात. ‘मूट कोर्ट’ला अभिरूप न्यायालय म्हणा. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ‘मूट पॉइंट’ म्हणजे ज्यावर अजून खल व्हायचा आहे असा मुद्दा. अमेरिकन ग्राहकाच्या ईमेलमध्ये बहुधा उलट, म्हणजे ज्याला आता अर्थ उरला नाही असा. पाठवणारा कुठला आहे ते कळवत जा.

‘डिबेट’ स्पर्धेतला असेल तर वादविवाद, विधानसभेतला असेल तर चर्चा. ‘काँट्रोव्हर्सी’चं ‘वादंग’ वर्तमानपत्रांना लखलाभ, नोटिशीत नको. आणि न्यायशास्त्राने (कायद्याचं नव्हे, तर्काचं जुनं भारतीय शास्त्र) वाद, जल्प, वितंडा असे तीन प्रकार फार पूर्वीच वेगळे केले आहेत: सत्य शोधायला तो वाद, जिंकायला तो जल्प, स्वतःची बाजू न मांडता नुसतं खोडायचं ती वितंडा. सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं भाषांतरित करताना तिसऱ्याची फार आठवण येते.

आम्ही भाषांतरकार आहोत, वकील नाही. कुठलं कलम लावायचं ते वकिलाकडूनच ठरवून घ्या. कागद देताना सगळी जोडपत्रं द्या, आणि पत्र कोणाला जाणार ते सांगा: सचिव, उपनिबंधक, बँक की कोर्ट. तुम्हाला जे मान्य नाही, तेवढ्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून आणा. मूळ प्रतीवर नको, झेरॉक्सवर.