हात मागे घेण्याची विद्या

सहा वर्षांचा मुलगा जमिनीवर बसलाय. पायात मोजा आहे, पण अर्धाच. टाचेच्या वर गोळा झालेला. समोर आई. आईशेजारी घरभेटीला आलेली कार्यकर्ती. आणि त्या तिघांपासून हातभर लांब, त्या कार्यकर्तीला तयार करणारी प्रशिक्षक. मुलाला फक्त मोज्याची कड धरून वर ओढायचीय. तो मोज्याकडे बघतो, मग खिडकीकडे, मग स्वतःच्या अंगठ्याकडे. तीन सेकंद जातात. चार. आईचा हात आपसूक पुढे सरकतो. ते पाहून कार्यकर्तीच्या ओठांवर ‘थांबा ताई’ येतं. आणि ते पाहून प्रशिक्षकही काहीतरी बोलणार, इतक्यात ती स्वतःचे दोन्ही तळहात मांडीखाली दाबते आणि गप्प बसते.

या खोलीत विकासात्मक अक्षमता एकट्या मुलाला आहे. हात आवरत नाही ही अडचण मात्र तिन्ही मोठ्या माणसांची.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, डाऊन सिंड्रोम, बौद्धिक अक्षमता अशा मुलांसोबत काम करणारे थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक आपल्याला निदान ऐकून तरी माहीत असतात. त्यांना, आणि पालकांना, शिकवणारी माणसं मात्र सहसा दिसत नाहीत. त्यांच्या कामाची दखल घ्यायची तर ‘कार्यशाळा घेतात’ एवढ्यावर आपण थांबतो. कार्यशाळा हा त्यांच्या कामातला सगळ्यात सोपा भाग असतो.

मोज्याकडे जरा परत जाऊ. मुलाला सगळा मोजा का घालायला सांगितला नाही? कारण इथे शिकवण्याचा क्रम उलटा आहे. मोजा चढवण्याच्या कृतीचे तुकडे पाडायचे: मोज्याचं तोंड उघडणं, बोटं आत घालणं, टाचेवरून सरकवणं, वर ओढणं. सुरुवातीचे सगळे तुकडे मोठ्या माणसाने करायचे आणि शेवटचा मुलासाठी ठेवायचा. तो जमला की शेवटून दुसरा. त्यामुळे प्रत्येक प्रयत्न ‘झालं!’ या क्षणाशी संपतो. पहिल्या तुकड्यापासून सुरुवात केली, तर धडपड मुलाची आणि शेवट दुसऱ्याच्या हातचा, असं होतं. ही उलटी साखळी कागदावर पाच मिनिटांत समजते. अवघड आहे ते तुकडा मुलावर सोपवल्यावर तो त्याच्याकडेच राहू देणं.

थांबण्यावर जुनं संशोधन आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने प्राथमिक शाळांमधले विज्ञानाचे तास ध्वनिमुद्रित केले आणि प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतात ते मोजलं. सरासरी निघाली सुमारे एक सेकंद. तीन सेकंद थांबायला शिकवलं, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि ‘माहीत नाही’ कमी झालं. हे १९७०च्या दशकातलं काम, आणि तेही सर्वसाधारण वर्गातलं. ज्या मुलाला ऐकलेलं समजून, हालचाल ठरवून ती करायला जास्त वेळ लागतो, त्याला एका सेकंदात काय मिळणार? मदत मिळते. पुन्हा पुन्हा मिळाली, की मदतीची वाट बघणं हीच त्याची सवय होते. प्रशिक्षक याला ‘सूचनेवर अवलंबून राहणं’ म्हणतात. ही सवय मुलात जन्मतः नसते, आपणच ती लावतो.

आता थोडं आकड्यांचं बोलू, म्हणजे हा व्यवसाय लागतोच कशाला ते कळेल. २०१८ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अंदाजानुसार, २०१६ मध्ये जगात पाच वर्षांखालच्या सुमारे ५ कोटी २९ लाख मुलांना विकासात्मक अक्षमता होत्या. त्यात अपस्मार, बौद्धिक अक्षमता, श्रवणदोष, दृष्टिदोष, स्वमग्नता आणि अवधान-अतिचंचलतेची अवस्था (एडीएचडी) या धरल्या होत्या. यातली ९५ टक्के मुलं अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहत होती, म्हणजे नेमकी तिथे जिथे तज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तज्ज्ञाने एकेक मूल घेऊन बसायचं म्हटलं तर हा हिशेब कधीच जुळणार नाही. मग तज्ज्ञाने मुलाला नव्हे, मुलाजवळच्या माणसाला शिकवायचं, हे ओघाने आलं.

याची एक जुनी वाट अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या पोर्टेज या गावातून निघाली. १९६९ मध्ये तिथे सुरू झालेल्या प्रकल्पात मुलं केंद्रावर आणण्याऐवजी शिक्षक आठवड्यातून एकदा घरी जायचा. पुढच्या आठवड्यापुरतं छोटंसं उद्दिष्ट ठरवायचं, ते आईवडिलांना करून दाखवायचं, त्यांच्याकडून करून घ्यायचं आणि निघायचं. उरलेले सहा दिवस शिक्षक म्हणजे आईवडीलच. ‘पोर्टेज’ हा शब्द नंतर अनेक देशांत या पद्धतीचं नावच होऊन बसला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये खुला केलेला पालक-कौशल्य कार्यक्रम याच घराण्यातला: दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी नऊ गटसत्रं आणि तीन घरभेटी. सत्रं घेणारे तज्ज्ञ असायलाच हवेत असं नाही. पण त्यांना तयार करणारे आणि पुढेही त्यांच्या कामावर लक्ष ठेवणारे मास्टर ट्रेनर लागतातच.

म्हणजे मास्टर ट्रेनर, मग कार्यकर्ती, मग आई, मग मूल. लहानपणी कानगोष्टींचा खेळ ज्यांनी खेळलाय त्यांना इथे शंका येईलच. वरून खाली येताना काय शिल्लक राहत असेल?

माहिती बऱ्यापैकी शिल्लक राहते. गळते ती कृती. याचं एक प्रामाणिक उदाहरण २०२० सालचं आहे. न्यू मेक्सिको विद्यापीठातले डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये हेपेटायटिस-सीच्या उपचारांसाठी ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. दूरदूरच्या डॉक्टरांनी ठरलेल्या वेळी व्हिडिओवर जमायचं, आपापल्या रुग्णांच्या केसेस मांडायच्या आणि तज्ज्ञांच्या गटासोबत त्यावर बोलायचं. हेपेटायटिसमध्ये त्याचा उत्तम उपयोग झाला. तेच प्रारूप पुढे स्वमग्नतेसाठी घेतलं गेलं आणि १० केंद्रांवर १४८ प्राथमिक डॉक्टरांसोबत त्याची चाचणी झाली. डॉक्टरांचं ज्ञान वाढलं, आत्मविश्वासही वाढला. पण त्यांच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा स्वमग्नतेची चाळणी-तपासणी किंवा सोबतच्या तक्रारींवरचे उपचार यांत ठळक फरक दिसला नाही. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण बहुतेक प्रशिक्षणांच्या अखेरीस आपण नेमकं ज्ञान आणि आत्मविश्वासच मोजतो आणि खूश होऊन प्रमाणपत्रं वाटतो.

शिक्षक-प्रशिक्षणात हीच गोष्ट ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८०च्या दशकापासून लावून धरली. तत्त्व समजावलं, प्रात्यक्षिक दाखवलं, कार्यशाळेत सरावही करून घेतला, तरी शिक्षक आपल्या वर्गात परतला की जुन्याच वळणावर जातो. त्याच्या वर्गात जाऊन, कामाच्या जागी कुणी सोबत राहिलं, तरच नवं कौशल्य मुरतं. नुसत्या कार्यशाळेनंतर ५ टक्के शिक्षक नवं कौशल्य वर्गात वापरतात आणि अशी सोबत मिळाली तर ९५ टक्के, असे आकडे त्यांच्या नावावर सर्रास फिरतात. ते ढोबळ अंदाज आहेत, मोजमापासारखे वापरू नयेत. दिशा मात्र खरी आहे.

म्हणून चांगला प्रशिक्षक स्लाइड्स लवकर बंद करतो. सांगणं, करून दाखवणं, करून घेणं आणि केलेल्यावर बोलणं या चार पायऱ्या वर्तनशास्त्रात खूप दिवस वापरात आहेत. त्यातली तिसरी कशी असते ते एका प्रसंगातून बघू. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला भरवण्याचा पाठ. शिकणाऱ्यांच्या जोड्या लावतात. एकाने डोकं मागे टाकून, हनुवटी छताकडे करून बसायचं. वाचता वाचता तुम्हीही करून बघा: मान मागे टाका आणि नुसती थुंकी गिळा (पाणी नको). घशात काहीतरी अडल्यासारखं होतं. कारण गिळताना स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतं आणि श्वासनलिकेचं तोंड झाकलं जातं. मान ताणलेली असेल तर हे सरकणं अवघड होतं आणि पातळ पदार्थ श्वासमार्गाकडे उतरण्याचा धोका वाढतो. आडवं धरून वरून घास भरवलेल्या मुलाला वारंवार ठसका आणि छातीचे संसर्ग होतात, त्यात याचा मोठा वाटा असतो. मग जोडीदाराने चमचा हातात घ्यायचा आणि काहीही न बोलता, मागच्या बाजूने, तो समोरच्याच्या ओठांपाशी आणायचा. चमचा रिकामाच असतो. तरी माणसं दचकतात, तोंड घट्ट मिटून घेतात, कुणी चिडतंही. ‘ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, चमचा समोरून आणि तोंडाच्या पातळीवर’ हे वाक्य त्यानंतर वहीत उतरवायची गरज उरत नाही.

आणि तज्ज्ञांचा घोळ असा, की हे वाक्य त्यांना सुचतच नाही. वीस वर्षं मुलांना भरवणाऱ्या थेरपिस्टला तुम्ही नेमकं काय करता असं विचारलं, तर ती म्हणेल, ‘काही नाही, नीट बसवते आणि भरवते.’ त्या ‘नीट’मध्ये दहा गोष्टी असतात: मांडीचा कोन, पायाखालचा आधार, दोन घासांमधला अवकाश. कौशल्य मुरलं की ते शब्दांच्या खाली जातं. म्हणूनच उत्तम थेरपिस्ट उत्तम प्रशिक्षक असेलच असं नाही. तिला स्वतःच्या हातांचं भाषांतर पुन्हा शब्दांत करायला शिकावं लागतं.

चौथी पायरी, केलेल्यावर बोलणं, सगळ्यात जास्त बिघडते. ‘छान केलंत’ यातून आईला काहीच कळत नाही. ‘तो अंगठ्याकडे बघत होता तेव्हा तुम्ही थांबलात, आणि मग त्याने कड धरली’ यातून कळतं. व्हिडिओ इथे कामी येतो. इंग्लंडमध्ये तयार झालेल्या ‘पॅक्ट’ पद्धतीत पालक आणि स्वमग्न मूल खेळतात, त्याचं चित्रण होतं आणि नंतर थेरपिस्ट व पालक ते शेजारी बसून बघतात. मुलाने नजर टाकली, आवाज काढला, त्याला पालकांनी प्रतिसाद दिला, असे क्षण शोधायचे. १५२ मुलांवरच्या चाचणीचा निष्कर्ष २०१० मध्ये आला, तेव्हा लक्षणांवर फारसा परिणाम दिसला नव्हता. पालकांचं मुलाच्या लयीत मिसळणं मात्र स्पष्ट वाढलं होतं. त्याच मुलांना काही वर्षांनी पुन्हा तपासलं, त्याचा अहवाल २०१६ मध्ये आला आणि त्यात लक्षणांची तीव्रता कमी आढळली. त्याच वर्षी दक्षिण आशियातल्या रूपांतराचे निष्कर्षही आले. गोवा आणि रावळपिंडी इथल्या ६५ मुलांच्या घरी हेच काम तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेल्या कार्यकर्त्यांनी केलं. पालकांचा प्रतिसाद सुधारला, मुलांनी स्वतःहून संवाद सुरू करणं वाढलं. दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ मात्र घटला. सगळे आकडे एकाच दिशेला जात नाहीत, आणि ते तसे सांगितले गेले हे बरं झालं.

कार्यकर्ती तयार झाली की नाही हे कसं ठरवायचं? लेखी परीक्षेने नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या ‘इक्विप’ उपक्रमात रोल-प्ले करून, समोर ‘पालक’ बसवून, कौशल्यं पारखतात. त्यातल्या श्रेणीची सगळ्यात खालची पायरी मला आवडते. ‘येत नाही’ असं तिथे म्हटलेलं नाही. ‘अपाय होऊ शकेल असं वागणं’ ही ती पायरी. मुलाच्या देखत तो तिथे नसल्यासारखं त्याच्याबद्दल बोलणं, उशिरा आलात म्हणून आईला बोल लावणं, बरा होईल असा शब्द देऊन बसणं. या गोष्टी करणाऱ्याला सगळ्या व्याख्या पाठ असू शकतात.

आणखी एक अपाय नकळत होतो. फिजिओथेरपिस्ट पाच व्यायाम देते, स्पीच थेरपिस्ट चार, विशेष शिक्षक सहा. प्रत्येकाचं बरोबरच असतं. बेरीज आईच्या अंगावर पडते. अमेरिकेत १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी सही केलेल्या कायद्यातून, अशा मुलांसोबत काम करणाऱ्यांना शिकवणारी, विद्यापीठांशी जोडलेली केंद्रं निघाली, तिथे वेगवेगळ्या शाखांच्या लोकांनी एकत्र शिकावं असा आग्रह होता. त्याच परंपरेतल्या आजच्या ‘लेंड’ अभ्यासक्रमांत अशा मुलांचे कुटुंबीय आणि स्वतः अक्षमता असलेल्या व्यक्तीही प्रशिक्षणार्थी म्हणून येतात. वर्गात शेजारी खरी आई बसलेली असली, की पंधरा व्यायामांची यादी काढताना पेन जरा अडखळतं.

हॅरॉल्ड सर्ल्स या अमेरिकन मनोविश्लेषकाने १९५५ मध्ये एक निरीक्षण लिहून ठेवलं होतं: उपचार करणारा आणि रुग्ण यांच्यात जे चालतं, त्याचं प्रतिबिंब उपचार करणारा आणि त्याचा मार्गदर्शक यांच्या नात्यात उमटतं. या क्षेत्रात ते दिवसाढवळ्या दिसतं. प्रशिक्षक कार्यकर्तीला मधेच तोडत असेल, तर कार्यकर्ती आईला तोडते आणि आई मुलाच्या हातातून मोजा घेते. म्हणून अनुभवी प्रशिक्षक कार्यकर्त्यांचेच नाही, स्वतःच्या सत्रांचेही व्हिडिओ बघतात. आवाज बंद करून बघितलं तर आणखी कळतं. कार्यकर्ती आईशी बोलतेय, आई मान हलवतेय, सगळं व्यवस्थित चाललंय. आणि चौकटीच्या डाव्या कडेला, कुणी मागितला नसताना, आपलाच हात अर्धा पुढे आलेला असतो.