नवीन एडिशन आली की लोक एवढे का भडकतात: थोडा मागचा हिशोब

२०२४ च्या सप्टेंबरमधे डी अँड डीचं, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्सचं (टेबलाभोवती बसून, आपापलं पात्र घेऊन फाशांवर खेळायचा कल्पनेतला खेळ), नवीन प्लेयर्स हँडबुक, म्हणजे खेळाडूंचं नियमांचं पुस्तक, आलं, ३८४ पानांचं, आणि लगेच नेहमीचं सुरू झालं. पॅलाडिन या धर्मयोद्ध्याच्या स्माइटची, म्हणजे जादुई जादा फटक्याची, वाट लावली म्हणे, कारण आधी प्रत्येक फटक्यावर स्माइट मारता यायचा आणि आता तो बोनस ॲक्शनवाला, म्हणजे पाळीतल्या एकुलत्या जादा कृतीत टाकायचा, स्पेल (मंत्र) झाला म्हणजे टर्नला एकदाच. रेंजर (जंगलातला शिकारी) परत हंटर्स मार्क या एका मंत्रालाच बांधलेला, हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क हे पात्रांचे वंश पुस्तकातून गायब, "रेस" जाऊन "स्पीशीज" आलं. दुसरीकडे वेपन मास्टरी या हत्यारांच्या नवीन नियमामुळे फायटरला, म्हणजे साध्या लढवय्याला, एकदाचं "मी मारतो" याच्यापलीकडे काहीतरी करता यायला लागलं म्हणून काही लोक जाम खूष. ज्यांनी गेल्या आठदहा वर्षांत खेळायला सुरुवात केली त्यांना वाटलं हे काय नवीनच भांडण, पण जे थॅको हे जुनं गणित शिकलेत त्यांनी नुसती मान हलवली, कारण हे सगळं आधी चारपाच वेळा होऊन गेलंय आणि दरवेळी भांडण वरवर नियमांचं असतं पण आत प्रश्न वेगळाच असतो: हा खेळ टेबलावरच्या लोकांचा की पुस्तक छापणाऱ्यांचा?

आता सुरुवातीपासून. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ टीएसआर नावाच्या छोट्या कंपनीने काढला, अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा गावातून. लाकडासारख्या दिसणाऱ्या खोक्यात तीन तपकिरी पुस्तिका, पहिली छपाई १००० प्रती, किंमत १० डॉलर. आणि खरं सांगायचं तर तो रूलबुक म्हणून अर्धवटच होता! लढाईसाठी तुमच्याकडे चेनमेल हा १९७१चा दुसराच वॉरगेम आहे असं गृहीत धरलेलं, बरंच काही सांगितलेलंच नव्हतं, त्यामुळे प्रत्येक ग्रुपने गाळलेल्या जागा आपल्या आपण भरल्या. लेखकांनाही तेच हवं होतं, तुमची कल्पना तुम्हीच लढवा असा सूर होता. म्हणजे पहिल्या दिवसापासून हाऊसरूल, म्हणजे आपल्या टेबलापुरता घरचा नियम, हा अपवाद नव्हता, हाऊसरूल हाच खेळ होता. पुढची सगळी भांडणं इथून निघतात असं माझं मत.

कारण चारपाच वर्षांत सूर पालटला. १९७७ ते १९७९ मधे ॲडव्हान्स्ड डी अँड डीची तीन जाड पुस्तकं आली (आधी मॉन्स्टर मॅन्युअल, मग प्लेयर्स हँडबुक, शेवटी डंजन मास्टर्स गाइड) आणि आता गायगॅक्स सांगायला लागला की सगळीकडे नियम एकसारखे पाहिजेत, तेव्हाच हा एक खेळ राहील. ज्याने सांगितलं होतं मनाला येईल तसं करा, तोच आता म्हणतोय पुस्तकाप्रमाणे करा. यात धंद्याची बाजू होतीच. टीएसआरचं म्हणणं असं की ॲडव्हान्स्ड हा वेगळा खेळ आहे, त्यावर आर्नेसनला रॉयल्टी लागू नाही, आर्नेसनने १९७९ ला केस केली आणि १९८१ ला ती कोर्टाबाहेर मिटली. म्हणजे "नवीन एडिशन की नवीन खेळ" हा वाद पहिल्यांदा फॅन लोकांनी नाही, वकिलांनी घातला.

दुसरी एडिशन १९८९ ची, मुख्य डिझायनर डेव्हिड कुक ज्याला सगळे झेब म्हणतात. गायगॅक्सला तोवर स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडावं लागलं होतं. त्या दशकात अमेरिकेत या खेळाने पोरं सैतानाच्या नादी लागतात अशी मोठी ओरड झाली होती, आणि त्याची छाया पुस्तकावर पडली: असॅसिन हा क्लास (पात्राचा पेशा) गेला, हाफ-ऑर्क गेला, डेमन आणि डेव्हिल ही नावंच गायब झाली आणि पुढे ते परत आले तेव्हा तानारी आणि बाटेझू असली नावं घेऊन. जुने खेळाडू चिडले पण त्या चिडण्याला जायला वाट नव्हती. फार तर जुनं पुस्तक घेऊन घरी खेळत बसायचं. तेच बहुतेकांनी केलं, किंवा दोन्ही पुस्तकं मिसळून खेळले कारण गणित जवळजवळ तेच होतं. ते गणित म्हणजे थॅको: आर्मर क्लास (फटक्यापासूनचा बचाव) शून्य असेल त्याला फटका लागायला फाशावर हवा तो आकडा. तुमचा थॅको १७, समोरच्याचा आर्मर क्लास ३, तर १७ वजा ३ म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १४ किंवा जास्त पाहिजे, आणि आर्मर क्लास उणे २ असेल तर १९, कारण आर्मर क्लास जितका कमी तितका चांगला. उलटं वाटतं ना? तरी लोकांना ते इतकं अंगवळणी पडलेलं की ते काढलं तेव्हाही लोक रडले.

काढलं ते २००० साली. मधे टीएसआर कर्जात बुडाली, १९९७ ला मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाच्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने ती विकत घेतली, आणि १९९९ ला विझर्ड्सच हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीच्या पोटात गेली. तिसरी एडिशन जोनाथन ट्वीट, माँटी कुक आणि स्किप विल्यम्स यांची. सगळ्याला एकच सूत्र, वीसचा फासा टाका, बोनस मिळवा, आकडा गाठा. आर्मर क्लास आता जास्त तितका चांगला, कोणत्याही वंशाला कोणताही क्लास. ज्यांना आवडलं नाही ते म्हणाले हा डी अँड डी नाहीच, हे वाक्य तेव्हापासून दर एडिशनला जसंच्या तसं वापरतात.

पण २००० मधली खरी मोठी गोष्ट नियम नव्हे, लायसन्स. रायन डॅन्सी हा त्यामागचा मुख्य माणूस. ओपन गेम लायसन्स, म्हणजे ओजीएल, याच्याखाली नियमांचा गाभा कोणालाही वापरायला मोकळा केला, रॉयल्टी द्यायची नाही, परवानगी मागायची नाही. हिशोब सरळ होता. कॅम्पेनची (बरेच दिवस चालणाऱ्या कथेची) पुस्तकं, ॲडव्हेंचर वगैरे एकटा डीएम, म्हणजे खेळ चालवणारा डंजन मास्टर, विकत घेतो, प्लेयर्स हँडबुक मात्र टेबलावरचा प्रत्येक जण घेतो, मग ॲडव्हेंचर दुसऱ्यांनी छापू देत, त्यांच्यामुळे आपलं हँडबुक खपेल. (याच हिशोबातून नवीन एडिशन का येतात तेही कळतं. हँडबुक प्रत्येकाकडे पोचलं की विक्री उतरते, साइडची पुस्तकं कितीही काढा तेवढी खपत नाहीत, मग एक दिवस नवीन हँडबुक काढावंच लागतं. त्यात पाप काही नाही, पण "नियम सुधारायची वेळ आली होती" असं जे सांगतात ते अर्धंच असतं.) २००३ मधे तीनच वर्षांत ३.५ काढलं तेव्हा लोकांनी हा हिशोब बरोबर ओळखला आणि बोंब मारली, पण घेतलंही सगळ्यांनी.

ओजीएलचा परिणाम विझर्ड्सला कळला तो चौथ्या एडिशनला, आणि या भागावर मी जरा थांबणार आहे कारण एडिशन वॉर हा शब्द ऐकला की बहुतेकांच्या डोळ्यासमोर हेच येतं. २००७ च्या ऑगस्टमधे घोषणा, २००८ च्या जूनमधे पुस्तकं. प्रत्येक क्लासला पॉवर, काही हवं तेव्हा वापरायच्या, काही एका लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा, म्हणजे विझर्ड (जादूगार) आणि फायटर दोघांची रचना सारखीच. सकाळी स्पेल पाठ करायचे आणि वापरले की विसरायचे ही जुनी पद्धत गेली. पहिल्या हँडबुकमधे नोम हा वंश नाही, बार्ड, ड्रुइड, मंक हे क्लास नाहीत. अलाइनमेंट, म्हणजे पात्राची भली-बुरी वृत्ती, नऊ प्रकारांवरून पाचवर. फरगॉटन रेल्म्स हे डी अँड डीचं काल्पनिक जग शंभरेक वर्षं पुढे ढकललं आणि मधे एवढा मोठा उत्पात घडवला की लोकांची ओळखीची पात्रं मेली, शहरं गेली, एखाद्याने वीस वर्षं चालवलेलं कॅम्पेन अधिकृत इतिहासात बसेनासं झालं. वर जाहिरातीत जुन्या नियमांची थट्टा. ज्या नियमांवर लोकांनी हजारो तास घालवलेत त्यांची चेष्टा करून त्यांनाच नवीन पुस्तक विकायला जायचं, हे कोणाला सुचलं देव जाणे.

मला स्वतःला चौथी एडिशन आवडते, हे आधीच कबूल करतो. लढाया मस्त, डीएमची तयारी एकदम सोपी. पण "व्हिडिओ गेम झालाय" असं म्हणणाऱ्यांना मी आता मूर्ख म्हणत नाही, कारण ते पॉवरबद्दल बोलतच नव्हते, आमच्या टेबलावर जे चालायचं ते या पुस्तकाला ओळखूच येत नाही असं त्यांना म्हणायचं होतं.

आणि यावेळी त्यांच्याकडे वाट होती. पायझो ही कंपनी ड्रॅगन आणि डंजन ही मासिकं काढायची, २००७ मधे विझर्ड्सने ती मासिकं परत घेतली आणि नवीन एडिशनचं लायसन्स वेळेत आलं नाही, आलं ते ओजीएलपेक्षा खूपच जाचक. पायझोने सरळ ३.५ चे नियम उचलले, जेसन बुल्मानच्या हाताखाली दुरुस्त केले, २००८ मधे सगळ्यांना प्लेटेस्टला (खेळून तपासायला) दिले आणि २००९ ला पाथफाइंडर म्हणून छापले. कायदेशीर, कारण ओजीएलनेच ती मुभा दिलेली. २०११ च्या सुमारास हॉबी दुकानांच्या विक्रीच्या यादीत पाथफाइंडर डी अँड डीच्या वर दिसायला लागलं. म्हणजे डी अँड डीला हरवलं कोणी तर त्याच्याच मागच्या एडिशनने. त्याआधीच, २००६ ला, ओस्रिक नावाने काहींनी त्याच लायसन्सचा आधार घेऊन पहिल्या एडिशनचे नियम पुन्हा लिहून काढले होते, त्यातून पुढे ओएसआर म्हणतात ती सगळी जुन्या धाटणीच्या खेळांची चळवळ वाढली. नाराज माणूस आता घरी बसत नव्हता, प्रकाशक होत होता.

याच काळातली अजून एक गोष्ट जी लोक विसरतात. २००९ च्या एप्रिलमधे विझर्ड्सने पायरसीचं कारण देऊन पीडीएफ विकणं अचानक बंद केलं, जुन्या एडिशनचे सगळे पीडीएफ सुद्धा. जुनी पुस्तकं छपाईत नव्हतीच, आता पीडीएफही नाही. २०१३ च्या जानेवारीत ते परत आले, कारण तोवर वारं फिरलं होतं.

२०१२ पासून उघड प्लेटेस्ट, २०१४ ला पाचवी एडिशन, माइक मर्ल्स आणि जेरेमी क्रॉफर्ड यांची. हिचं कौशल्य नियमांपेक्षा समजूत काढण्यात जास्त होतं. थोडं पहिल्यासारखं, थोडं तिसऱ्यासारखं, चौथीतलं बरंच काही नाव बदलून ठेवलेलं, बेसिक रूल्स फुकट. दोन फासे टाका आणि चांगला घ्या हा ॲडव्हांटेज नियम इतका सोपा की त्याला शिव्या घालणारा मला अजून भेटलेला नाही.

फक्त डी अँड डीमधेच असं होतं का? नाही. व्हँपायर द मास्करेड या अशाच दुसऱ्या खेळवाल्यांनी तर २००४ मधे खेळातलं आख्खं जगच संपवलं, नवीन नावाने नवीन खेळ काढला, आणि २०११ ला वीस वर्षांच्या निमित्ताने जुनाच परत छापावा लागला. वॉरहॅमर फँटसीची तिसरी एडिशन २००९ ला खास फासे, कार्ड आणि मोठं खोकं घेऊन आली आणि २०१८ ची चौथी निमूट टक्केवारीच्या फाशांवर परत. उलट कॉल ऑफ कथुलू बघा, १९८१ पासूनचा खेळ, सातव्या एडिशनला आकडे पाचपट केले म्हणून थोडी कुरकुर झाली एवढंच. जुनं सिनॅरिओ काढा, पाचने गुणा, खेळा. जुनं पुस्तक वाया जात नसेल तर लोक फारसे भांडत नाहीत.

हे २०२२ मधे विझर्ड्सलाही माहीत असावं, म्हणून त्यांनी नवीन पुस्तकांना सहावी एडिशन म्हणायचंच टाळलं, आधी वन डी अँड डी म्हणाले, मागच्या पुस्तकांशी जुळेल म्हणाले. आणि मग २०२३ च्या जानेवारीत नवीन ओजीएलचा मसुदा फुटला. त्यात जुनं लायसन्स यापुढे अधिकृत नाही असं म्हणायचा घाट होता, आणि साडेसात लाख डॉलरच्या वर उत्पन्न असेल तर वरच्या रकमेवर २५ टक्के रॉयल्टी. नियम एकही बदलला नव्हता तरी आजवरचा सगळ्यात मोठा भडका हाच. लोकांनी डी अँड डी बियाँड या खेळाच्या वेबसाइटची सबस्क्रिप्शन कॅन्सल केली, पायझोने ऑर्क नावाचं स्वतःचं मोकळं लायसन्स जाहीर केलं, आणि २७ जानेवारीला विझर्ड्सने माघार घेऊन पाचव्या एडिशनचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या लायसन्सखाली टाकला, म्हणजे आता तो परत घेताच येणार नाही असा. पण तोवर कोबोल्ड प्रेससारख्या प्रकाशकांनी आपापले वेगळे खेळ काढायचं ठरवून टाकलं होतं.

अशा पार्श्वभूमीवर २०२४ चं हँडबुक आलं, त्यामुळे स्माइटवरची चिडचिड नुसती स्माइटवरची नाही. पुस्तक बाजारात यायच्या आधीच, ऑगस्टमधे, अजून एक प्रकार झाला. डी अँड डी बियाँड हॅस्ब्रोने २०२२ मधे १४ कोटी ६३ लाख डॉलरला घेतलेलं, बऱ्याच जणांची कॅरेक्टर शीट (पात्राची सगळी माहिती असलेलं पान) तिथेच असते. तिथे सांगितलं की शीटवरचे जुने स्पेल आणि मॅजिक आयटम आता २०२४ च्या नियमांप्रमाणे बदलतील, जुने हवे असतील तर होमब्रू (घरगुती नियम) म्हणून स्वतः टाइप करून घ्या. पैसे भरून घेतलेल्या पुस्तकातला मजकूर चालू कॅम्पेनच्या मधेच शीटवर बदलणार! १९८९ ला चिडलेला माणूस निदान कपाटातलं पुस्तक काढून खेळू शकत होता, त्याच्या कपाटात येऊन पानं बदलणं टीएसआरला शक्यच नव्हतं. काही दिवसांतच हा निर्णय मागे घेतला. आता तिथे २०१४ च्या गोष्टींपुढे लेगसी असा शिक्का दिसतो.