धूर, पाऊस आणि उडत्या गाडीच्या तारा

दिग्दर्शक रिडली स्कॉटचा ‘ब्लेड रनर’ हा चित्रपट १९८२च्या जूनमध्ये अमेरिकेत लागला तेव्हा फारसा चालला नाही. त्याचे भक्त तयार झाले ते नंतर, बरेचसे व्हिडिओ कॅसेटमुळे. गंमत अशी, की हा चित्रपट डोळ्यांत भरतो तो धूर, पाऊस, निऑनच्या पाट्या आणि काळोख यांमुळे, आणि नेमक्या याच चार गोष्टी कॅसेटला झेपत नाहीत.

व्हीएचएस, म्हणजे तेव्हाच्या घरगुती व्हिडिओ कॅसेटची आडवी स्पष्टता सुमारे २४० रेषांची. रंगाच्या वाट्याला त्यातलाही जेमतेम सहावा हिस्सा. त्यामुळे लाल पाटीचा रंग ओल्या कापडावरच्या कुंकवासारखा शेजारी पसरतो. त्यात चित्र रुंद, टीव्ही चौकोनी. चित्राची रुंदी उंचीच्या सुमारे २.४ पट, जुन्या टीव्हीची १.३३ पट. पडदा भरायचा म्हणजे ४० टक्क्यांहून जास्त चित्र कापायचं. १९८७मध्ये क्रायटेरियन कंपनीने काढलेल्या लेसरडिस्कने (डीव्हीडीच्या आधीची मोठी चित्रतबकडी) वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून ते वाचवलं.

वेगाची भानगड वेगळीच. चित्रपटाच्या सेकंदाला २४ चौकटी. भारतात आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी चाललेल्या पाल या टीव्ही पद्धतीत २५. सोपा उपाय काय, तर चित्रपट थोडा पळवायचा! ११७ मिनिटांचा खेळ ११२ मिनिटांत आटपतो आणि आवाजही चार टक्के चढतो. म्हणजे संगीतकार व्हँजेलिसची पांढरी एकमधली धून काळी एकच्या जवळ जाऊन बसते. एनटीएससी या अमेरिकी टीव्ही पद्धतीत सूर जागेवर राहतो, पण एक चौकट दोनदा आणि पुढची तीनदा दाखवावी लागते. कॅमेरा संथपणे फिरत असला की चित्र बारीक हिसके खातं.

१९९७च्या डीव्हीडीवर १९९२ची ‘डायरेक्टर्स कट’ आवृत्ती आली. एका बाजूला रुंद चित्र, दुसऱ्या बाजूला कापलेलं. आता अडचण जागेची होती. डीव्हीडी प्रत्येक चौकट पूर्ण साठवत नाही. मागच्या चौकटीतलं काय कुठे सरकलं एवढंच बरंचसं नोंदवते. भिंत, टेबल, माणसाचा कोट यांना हे उत्तम जमतं. पण पावसाचा प्रत्येक थेंब नवा, धुराचं प्रत्येक वेटोळं नवं, आणि फिल्मचे रासायनिक कण तर दर चौकटीला वेगळे. अंदाज बांधायला काही हातीच लागत नाही. सेकंदाला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट एवढ्या जागेत हे मावलं नाही, की धुरात चौकोनी ठोकळे दिसू लागतात. ब्लू-रेमध्ये हीच मर्यादा ४० मेगाबिट आहे, शिवाय आकुंचनाच्या पद्धतीही सुधारलेल्या. माझ्या मते या चित्रपटासाठी खरी मोठी उडी हीच होती. ४केची, म्हणजे सुमारे चार हजार ठिपके रुंद चित्राची, त्यापुढची उडी लहान वाटते.

ती ४के डिस्क २०१७ची. तिच्यात ब्लू-रेच्या चौपट ठिपके आहेत, पण मला भावतात त्या उजेडाच्या पायऱ्या. आधी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या होत्या, आता १०२४. सुरुवातीच्या दृश्यात कारखान्यांच्या धुराड्यांतून ज्वाळा उसळतात, तेव्हा भोवतीचं धुकं पट्ट्यापट्ट्यांचं न होता सलग विरत जातं. ही श्रीमंती मुळात होतीच. खास दृश्यं ६५ मिमीच्या रुंद फिल्मवर टिपली होती, कारण तेव्हा एकावर एक प्रतिमा चढवताना प्रत्येक नकलेत कण वाढत, आणि मोठ्या फिल्मवर ते कमी जाणवत. २००७च्या ‘फायनल कट’ या नव्या आवृत्तीसाठी ती ८केमध्ये (४केच्या दुप्पट रुंदीत) आणि बाकीची ३५ मिमी फिल्म ४केमध्ये स्कॅन झाली.

मात्र एवढ्या स्वच्छ चित्राने घरची भांडीही उघड्यावर आणली. पोलिसांची उडती गाडी प्रत्यक्षात तारांनी उचललेली होती. कॅसेटच्या धूसरपणात तारा लपून जात. आता त्या स्पष्ट दिसल्या असत्या, म्हणून ‘फायनल कट’मध्ये संगणकाने पुसल्या. एका पाठलागात बदली कलाकाराचा चेहरा ओळखू येई, तिथे अभिनेत्री जोआना कॅसिडीला पुन्हा बोलावून तिचा चेहरा बसवला. अखेरीस कबुतर झेपावतं ते पूर्वी निळ्या आकाशात, आता काळोख्या. ही दुरुस्ती मला पटते. तारांचं मात्र थोडं वाईट वाटतं. सुदैवाने २००७च्या पाच डिस्कच्या संचात जुन्या आवृत्त्याही दिल्या आहेत, आणि त्यांत गाडी अजून तारांवरच उडते.