शिमग्याला गाव गाठावंच लागतं, ते का?

कोकणी माणूस गणपतीला गावी जातो हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. शिमग्यालाही तो तितक्याच ओढीने जातो, याची कोकणाबाहेर फारशी कल्पना नसते. मला तर वाटतं, मुंबईला गेलेल्या माणसाचं गावाशी नातं टिकवलं ते शिमग्यानेच जास्त. गणपती चाळीतल्या खोलीतही बसवता येतो. ग्रामदेवतेची पालखी मात्र मुंबईला येत नाही. ती वर्षातून एकदा आपल्या दारात येते आणि त्या दिवशी घर उघडं असावं लागतं.

सणाचा काळ शेतीने ठरवला. भात कापून, झोडून कणगीत गेलेलं असतं, पावसाळ्याआधीच्या कामांचा रेटा अजून सुरू व्हायचा असतो. फाल्गुनातल्या या मोकळ्या दिवसांत देव देवळाबाहेर पडतो. रत्नागिरीकडे काही गावांत त्रयोदशीला होम होतो, ते तेरसे शिमगे. पौर्णिमेचे ते भद्रेचे. देवतेची रूपं, म्हणजे मुखवटे, पेटीतून काढून, उजळून पालखीत लावतात, गुरव पूजा करतो, मानकरी गाऱ्हाणं घालतात, म्हणजे गावासाठी देवाकडे मागणं मागतात, आणि पालखी सहाणेवर, तिच्या गावातल्या ठरलेल्या बैठकीच्या जागी, येते. तिथून मग वाडी-वाडी, घर-घर.

पालखी आधी कोणाच्या घरी, खांदा कोणाचा, होळीला पहिला हात कोणाचा, हे सगळं मानपानाने बांधलेलं. ब्रिटिश काळात आणि त्याआधीही सारावसुली खोताकडे होती, त्यामुळे बहुतेक खोती गावांत पहिला मानही त्याचाच. १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याने जमिनीवरचा त्याचा हक्क गेला, पण मानाचा क्रम कायद्याने बदलत नाही. कोणत्या जातीने काय करायचं आणि कोणी लांब उभं राहायचं, हेही त्याच क्रमात होतं. मानावरून झालेले तंटे पोलीस-तहसीलदारांपर्यंत गेलेले आहेत. शिमग्यावर जीव असणाऱ्याने ही बाजू झाकून ठेवू नये.

सणाला आजचं रूप आलं ते मुंबईमुळे. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी तिथे पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. पुढच्या काही दशकांत गिरणगाव उभा राहिला आणि त्यातल्या कामगारांत सर्वांत मोठा भरणा तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्याचा होता. पुरुष परळ-लालबागच्या खोल्यांत, बायकामुलं गावी, आणि घर चालायचं मनीऑर्डरवर. एकेका गावाची मुंबईत मंडळं झाली; वर्गणी काढून त्यांनी देवळं बांधली, पालख्या घडवल्या. गावात राहणाऱ्यांनी सण सांभाळला आणि मुंबईकरांनी त्याला पैसा पुरवला, अशी ही वाटणी. नमन-खेळे या शिमग्यातल्या लोकनाट्यातली संकासूर, गोमू ही सोंगं, मृदंगाच्या तालावरची गौळण हेही याच माणसांबरोबर मुंबईच्या रंगमंचावर पोचलं.

पालखी नाचवताना एकदा जवळून पाहावी. पुढे-मागे दोघं खांद्यावर घेतात, ढोलाची लय चढत जाते आणि पालखी कधी खाली झुकते, कधी डोक्यावर उचलली जाते. काही गावांत नारळ जमिनीत पुरून ठेवतात आणि पालखीने ती खूण काढायची असते. ती मैदानभर फिरते, मागे येते, पुन्हा वळते आणि एका जागी वाकते. तिथली माती उकरून नारळ वर आला की जो गलका होतो, त्यात मुंबईकर कोण आणि गावकरी कोण, ओळखू येत नाही. घरी आलेल्या पालखीसमोर खणा-नारळाने ओटी भरली जाते आणि गाऱ्हाण्यात परगावी असलेल्या लेकरांचंही नाव घेतलं जातं.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या मोडल्या. कोणी गावी परतलं, कोणी विरार-नालासोपारा, दिव्याकडे सरकलं. शिमग्याला जाणं मात्र थांबलं नाही. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि बोटीच्या, मग एसटीच्या भरवशावरचा प्रवास एका रात्रीचा झाला. आता होळीसाठी जादा गाड्या सोडतात, त्याही भरून जातात.

बंद घरं वाढली आहेत, हे खरं. म्हणून कित्येक गावांत पालखी कोणत्या दिवशी कोणत्या वाडीत, याचं वेळापत्रक आधीच मोबाईलवर पाठवतात. ते हातात पडलं की मुंबईकर रजेचा अर्ज टाकतो. वाड्यांचा क्रम त्यातही बहुतेक ठिकाणी जुनाच असतो.