गाल बधीर की लुळा?

‘बेल्स पाल्सी झालीय, अर्धं तोंड बधीर पडलंय.’ चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडते, त्या आजाराला बेल्स पाल्सी म्हणतात, आणि फिजिओथेरपीच्या टेबलावर बसलेला जवळजवळ प्रत्येक जण हेच वाक्य म्हणतो. मी कापसाची वात करते आणि सांगते, डोळे मिटा, निदान मिटायचा प्रयत्न करा, आणि वात कुठं लागतेय ते बोला. डावा गाल, उजवा गाल, हनुवटी, कपाळ... बहुतेक सगळे अचूक सांगतात. मग बधीर काय झालंय? काहीच नाही. गाल लुळा पडलाय, म्हणजे स्पर्श कळतो, पण हलवता येत नाही. आपल्या बोलण्यात ‘बधीर’ हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरला जातो आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या आहेत. चेहऱ्याच्या बाबतीत गल्लत होते ती पाचवी आणि सातवी यांची. (नस म्हणजे इथे रक्ताची नव्हे, मज्जातंतूची. यावर वाद घालायचं मी सोडून दिलंय.)

सातवी, म्हणजे चेहरा हलवणारी फेशियल, बहुतेकांना ठाऊक असते. कानामागच्या हाडातल्या साधारण ३ सेंटिमीटर लांबीच्या अरुंद बोगद्यातून ती येते. तिथे सुजली की दबते, आणि तोंड वाकडं, डोळा उघडा, कपाळाला आठी नाही. हीच बेल्स पाल्सी. तोंड वाकडं पण दोन्हीकडे आठ्या नीट पडतात, असं असेल तर दोष मेंदूत असण्याची शंका जास्त, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. पण हे आरशासमोर उभं राहून घरी ठरवायचं नाही. तोंड अचानक वाकडं झालं की आधी दवाखाना गाठायचा, ‘वारं लागलं’ म्हणून शेकत बसायचं नाही.

आता पाचवी, ट्रायजेमिनल. चेहऱ्याला स्पर्श कळतो तो हिच्यामुळे. तिच्या तीन फांद्या: एक कपाळ आणि डोळ्याकडे, दुसरी गाल आणि वरच्या दातांकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. ही बंद पडली तर कसं वाटतं, हे दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. खालच्या दाढेसाठी इंजेक्शन दिलं की अर्धा ओठ भोपळ्याएवढा सुजलाय असं वाटतं. तेव्हा एकदा आरशात बघून हसा. ओठ सुजलेलाही नसतो आणि सहसा वाकडाही नसतो. खरं बधीर म्हणतात ते हे. तरीही पाणी प्यायला गेलं की हनुवटीवर ओघळतं. ओठ हलतो, पण पेल्याची कड कुठे टेकलीय ते त्याला कळत नाही.

या ओघळण्यानं मोठमोठ्यांना फसवलंय. ज्याच्या नावानं बेल्स पाल्सी ओळखली जाते तो चार्ल्स बेलही १८२१ मध्ये इथेच अडखळला. त्यानं गाढवाच्या वरच्या ओठाकडे जाणारी पाचवीची फांदी कापली. गाढवाला ओठांनी दाणे उचलता येईनात. बेलनं निष्कर्ष काढला की खाताना ओठ हलवण्याचं कामही हीच नस करते. पुढच्याच वर्षी हर्बर्ट मेयो या शरीररचनाशास्त्रज्ञानं चूक दाखवली: ओठ हलू शकत होता, गाढवाला दाणे लागतच नव्हते. ओठ हलवते ती सातवी. म्हणून वाकडं तोंड बघून नस ठरवताना ‘काय जमत नाही’ एवढंच विचारू नका, ‘का जमत नाही’ तेही विचारा.

पाचवी अगदीच नुसती स्पर्शाची असती तर शिकवायला सोपं गेलं असतं. पण चावण्याचे स्नायूही तिच्याचकडे आहेत. दात आवळून कानशिलावर आणि जबड्याच्या कोपऱ्यावर बोटं ठेवा, टणक गोळा लागेल. तो पाचवीचा. म्हणूनच बेल्स पाल्सीच्या पेशंटला ‘च्युइंग गम चघळ’ असं सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. चघळणारा स्नायू ठणठणीत असतो, त्याला कशाला राबवता? या पेशंटला भाकरी चावता येते. पण चावलेला घास गाल आणि दातांच्या मध्ये साचतो आणि बोटानं काढावा लागतो, कारण घास आत ढकलणारा गालाचा स्नायू सातवीचा. आरशासमोर हलकी फुंकर मारणं, ओठांचा चंबू करणं, हळूहळू डोळा मिटणं, हे करा. डोळा पूर्ण मिटत नसेल तोवर डॉक्टरांनी दिलेले थेंब चुकवू नका.

जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाचं असंच: मिरचीची आग पाचवी कळवते, गुळाची गोडी सातवी. दोघींचे धागे शेवटचा टप्पा एकत्रच जातात, त्यामुळे परीक्षेत विद्यार्थ्यांचे इथं हमखास गुण जातात.

आणि दुखणं. दात घासताना, तोंड धुताना, वाऱ्याची झुळूक लागली तरी गालात विजेचा झटका बसतो, तो पाचवीचा आजार. तोंड मात्र सरळच असतं. जुन्या काळी शल्यविशारद या दुखण्यासाठी सातवी नस कापत. दुखणं तसंच राही, वर तोंड वाकडं होई. आता सातवी कोणी कापत नाही, पण हा झटका दाताचाच समजून एकामागून एक चांगल्या दाढा काढून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. तिसरी दाढ गेल्यावरही झटका तिथेच होता, असं त्यांच्यातल्या एका काकूंनी सांगितलं, तेही एक हात गालापासून चार बोटं लांब धरून. गालाला हात लावायचीसुद्धा भीती वाटत होती त्यांना.