विधी साहाय्य केंद्र (विद्यार्थिचालित)

विधी महाविद्यालयातील विद्यार्थी प्राध्यापकांच्या व वकिलांच्या देखरेखीखाली मोफत कायदेविषयक मदत करतात ते केंद्र. व्यवहारात ‘लीगल एड क्लिनिक’ हेच नाव रूढ आहे.

उगम : ‘क्लिनिक’ हा शब्द वैद्यकीय शिक्षणातून आला यावर फारसा वाद नाही, पहिले केंद्र कोणते यावर मात्र आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी १८९३ च्या सुमारास ‘लीगल एड डिस्पेन्सरी’ चालवली. तिला अभ्यासक्रमात स्थान नव्हते म्हणून काही अभ्यासक डेन्व्हर विद्यापीठातील १९०४ च्या केंद्राला पहिले मानतात. १९०१ मध्ये रशियातील ल्युब्लिन्स्की यांनी एका जर्मन नियतकालिकाच्या आधारे ही कल्पना मांडल्याचाही उल्लेख आढळतो, पण ती कल्पनाच होती. विद्यार्थ्यापुढे खरा पक्षकार येणे ही कसोटी धरल्यास १८९३ चा दावा अधिक ग्राह्य वाटतो. भारतात दिल्ली विद्यापीठाच्या केंद्राचा आरंभ साधारणपणे १९६९ चा मानतात.

भारतातील आधार : ४२ व्या घटनादुरुस्तीने (१९७६) राज्याने मोफत विधी साहाय्य पुरवावे असे सांगणारा संविधानाचा अनुच्छेद ३९ क आला. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा असला तरी ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. विद्यापीठे व विधी महाविद्यालयांत अशी केंद्रे उभारण्यास मार्गदर्शन करणे हे त्याच्या कलम ४ नुसार राष्ट्रीय प्राधिकरणाचे काम आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात ज्येष्ठ प्राध्यापकाच्या देखरेखीखाली, अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी चालवायचे केंद्र असावे लागते.

मर्यादा : अधिवक्ता अधिनियम, १९६१ प्रमाणे वकिली हा नोंदणीकृत वकिलाचाच अधिकार. विद्यार्थ्याला वकीलपत्र घेता येत नाही. कलम ३२ खाली न्यायालय एखाद्या प्रकरणापुरती परवानगी देऊ शकते, पण त्यावर केंद्र उभे राहत नाही. गोपनीयतेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मधील कलम १३२ चे (पक्षकाराचे बोलणे उघड न करण्याचे) संरक्षण वकील, दुभाषी आणि वकिलाचे कारकून वा कर्मचारी यांना आहे. विद्यार्थ्याचा स्पष्ट उल्लेख नाही. तो पॅनेल वकिलाच्या (विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवरील वकिलाच्या) हाताखाली काम करत असल्यास त्याला कर्मचारी म्हणता येईल, असा युक्तिवाद शक्य आहे, पण खात्रीचा नाही. म्हणून फौजदारी प्रकरणात ‘नेमके काय घडले’ हे विद्यार्थ्याने एकट्याने विचारू नये. वकील समोर असावा.

कामकाज : नोंदपत्रकात नाव-पत्त्याआधी ‘कागद कधी मिळाला’ हा रकाना हवा. धनादेश न वटल्यास बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती पोचल्यावर १५ दिवसांची वाट, मग एका महिन्यात तक्रार. तक्रारीतला उशीर न्यायालय माफ करू शकते, नोटिशीतला नाही. २८ व्या दिवशी आलेल्या माणसाला ‘पुढच्या शनिवारी या’ सांगितले की हक्क गेला.

पात्रता तपासताना सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे सरसकट उत्पन्नाचा दाखला मागणे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ मध्ये स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग व कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. जिथे ती आहे तिथेही कलम १३ नुसार शपथपत्र पुरेसे मानता येते. तहसीलच्या दाखल्यासाठी परत पाठवलेली बाई बहुधा पुन्हा येत नाही.

तुरुंगभेटीत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ चा हिशेब करतात : जामिनावर सुटण्यासाठी पूर्वी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश, इतर कच्च्या कैद्यांना निम्मा काळ कोठडीत काढलेला असावा लागतो. हिशेब फिर्यादीच्या तारखेपासून धरला की चुकतो. प्रत्यक्ष कोठडीचे दिवसच मोजायचे. फाशी वा जन्मठेपेचा गुन्हा असेल, किंवा एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असतील, तर हे कलम उपयोगी पडत नाही. तेव्हा ‘दुसरी केस आहे का?’ हा प्रश्न आधी.

सल्ल्याचा कागद मराठीत, एका पानात, पुढची तारीख व कोर्टाच्या खोलीचा क्रमांक ठळक घालून द्यावा. केंद्रे प्रत्यक्षात बंद पडतात ती एप्रिल-मेमध्ये. परीक्षा लागते, अंतिम वर्षाची तुकडी निघून जाते आणि चालू फाइल कोणाकडे द्यायची हे ठरलेले नसते. यासाठी प्रत्येक फाइलवर दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याचे नाव पहिल्या दिवसापासून घालतात. मूळ कागद मात्र पक्षकाराकडेच, केंद्रात फक्त झेरॉक्स.